दीड मैलाचं दूध

डॉक्टरांनी माझ्या पत्नीला चालायला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही नाराज झालो. गोळ्या लिहून दिल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. तिनं नुकतीच चाळिशी ओलांडली होती. रक्तदाब वाढलेला होता, आणि आमच्या भाड्याच्या माडीचा जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागे.

"दिवसभर उभीच असते की मी," ती म्हणाली. "धुणं, पाणी, भाकरी."

"त्यात तुम्ही दहादा थांबता," डॉक्टर म्हणाले. "मला अर्धा तास न थांबता हवाय. श्वास वाढला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. आणि महिनाभर करून सोडायचं नाही. जेवण जन्मभर लागतं, तसंच हे."

सत्तर सालानंतरची ती वर्षं. शिरूरच्या एका हायस्कुलात मी शिकवत होतो. पहिले तीन दिवस मी तिच्याबरोबर गेलो, मग वह्या तपासायच्या आहेत असं सांगितलं. वह्या होत्याच, पण पहाटे तपासायलाच हव्यात अशा नव्हत्या.

एकटी निघाली त्या पहिल्याच सकाळी एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर शेजारच्या मामींनी तिला गाठलं. हातात काही नाही, पदर खोचलेला, चाल भरभर. मामींनी तिचा दंडच धरला. "मास्तर बोलले आसतील काहीतरी. म्हणून काय पिशवीबी न घेता खुटबावला निघायचं?" खुटबाव तिचं माहेर. दुसऱ्या दिवशी बाजाराला भाजी घेऊन चाललेल्या एका गाडीवानानं बैल थांबवले आणि तिला बसवूनच घेतलं. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटलं असतं. ती बाजारापर्यंत बसून गेली आणि चालत परत आली.

मग तिनंच तोड काढली. गावाबाहेर दीड मैलावरच्या वस्तीत एका आप्पांच्या म्हशी होत्या. तिनं त्यांच्याकडं रतीब लावला आणि रोज सकाळी किटली घेऊन निघू लागली. दूध आणायला चाललेल्या बाईला कुणी अडवत नाही. परत आली की चेहरा लाल झालेला असे. दारातच ती म्हणायची, "बघा, बोलता येतंय." दिवाळीपर्यंत ती जिना न थांबता चढू लागली. डॉक्टर खूश झाले.

थंडी पडली आणि एका सकाळी ती निघायच्या आतच जिन्याखालून हाक आली. आप्पा सायकलवर किटली अडकवून उभे होते. "वहिनींनी येवढ्या गारठ्यात यायचं आन् आमी शेकत बसायचं, बरं दिसतं व्हय? आमच्या पोरांना शिकिवता तुमी. आजपासनं दूध घरपोच."

"बरं झालं, आप्पा," मी म्हणालो.

मला खरंच बरं वाटलं होतं. शाळेत एका सहकाऱ्यानं आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, "वहिनी दुधाला जातात, मग तुम्ही काय, दही लावता?" सगळे हसले होते. जिन्यात ती माझ्यामागं किटली हातात घेऊन उभी होती.

संध्याकाळी म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना, आणू नका म्हणून."

"तूच सांग की."

तिनं सांगितलं. आप्पांचा चेहरा उतरला. "पाणी न्हाई घालत मी, वहिनी. म्हशीची आण घेऊन सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधात बोट बुडवून वर धरलं, साय कशी चिकटते ते दाखवलं, आणि वर मापापेक्षा जास्त ओतलं. त्यानंतर पुन्हा नको म्हणायचं म्हणजे त्यांना खोटं पाडण्यासारखं होतं.

"तुमच्या तोंडून ऐकतील ते," ती मला म्हणाली. मी रविवारी सांगतो म्हणालो. काय सांगणार होतो? माझी बायको काही काम नसताना चालते, हे? नववीच्या वर्गात आरोग्याचा धडा मी मोठ्यानं वाचून घेत असे. हे एवढं वाक्य मात्र तोंडातून निघेना. रविवार गेले, मग परीक्षा आल्या, मग ऊन. मधे काही दिवस ती खोलीतच फेऱ्या मारायची. अकरा पावलं झाली की भिंत. घेरी येते म्हणाली आणि सोडून दिलं.

शाळा उघडायच्या सुमारास ती पुन्हा जिन्यात बसलेली दिसली. किती वेळ बसली होती, तिनं सांगितलं नाही. त्याच दुपारी मी वस्तीवर चालत गेलो. मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. सगळं सांगितलं. आप्पा वैरण टाकता टाकता थांबले.

"येवढंच व्हय? आन् मी सहा म्हैने म्हनतोय, दुधात काय खोट काढली." मग म्हणाले, "गुरुजी, तवाच बोलला असता तर गावातल्या आनखी चार घरांचं दूध वहिनींच्याच हातात दिलं असतं."

ती पुन्हा जाऊ लागली. पण आता ती वस्तीपर्यंत पोचेना. अर्ध्या वाटेत कालव्यापाशी आप्पा सायकल लावून, काही काम असल्यासारखे उभे राहायचे आणि तिथं किटली भरून द्यायचे. येताना तिला बोलता येत नसे. दारात हातानंच खूण करायची. दोन वर्षं असं चाललं, मग कालवाही लांब पडू लागला, आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

डॉक्टरांना मी नंतर एकदाच विचारलं, ते सहा महिने गेले नसते तर?

"ते कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. मग माझा हात ओढून त्यांनी नाडी पाहिली. "तुम्हीही चालायला लागा."

मी हो म्हणालो. त्या आठवड्यात तीन दिवस गेलो.