शेवंतीचे शेंडे आणि सायकलचं कुलूप

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘कुलपे’ म्हणतात. खरं आडनाव वेगळं आहे. पण सायकलला दोन कुलपं, साखरेच्या डब्याला एक आणि अंगणातल्या बादलीला साखळी, एवढं पाहिल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? माणूस वाईट नाही. उसनी नेलेली वस्तू वेळेआधी परत करतात. फक्त देताना म्हणतात, ‘आत्ताच नीट बघून घ्या, मागाहून तक्रार नको.’

कुलपे रोपवाटिकेतली थंड खोली सांभाळतात. चांगल्या वाणाची शेवंती बी पेरून वाढवत नाहीत. झाडाचे कोवळे शेंडे खुडून ते रुजत घालतात. रुजवायचे वाफे तयार नसले, तर शेंडे पिशव्यांत भरून, पिशव्या खोक्यांत रचून थंड खोलीत ठेवायचे. पाण्याचा बर्फ होणार नाही इतपतच तिथे थंडी. त्या थंडीत शेंडा वाढत नाही आणि सगळं नीट असलं तर मरतही नाही. ‘पाळण्यातलं पोर आहे हे,’ कुलपे सांगतात. ‘रडत नाही एवढाच फरक. म्हणून जास्त जपावं लागतं.’

यंदाचे शेंडे साधे नव्हते. पांढऱ्या पाकळ्यांची, पोटात हिरवट झाक असलेली एक शेवंती रोपवाटिकेच्या मालकीणबाईंच्या आईने आयुष्यभर जोपासली होती. तिच्या झाडांच्या मुळांना कीड लागली आणि सगळी झाडं उपटून जाळावी लागली. जाळण्याआधी वरचे निरोगी शेंडे तेवढे खुडून घेतले. नेमक्या त्याच वेळी वाफ्यांखालच्या गरम पाण्याच्या नळ्या फुटल्या. गार वाफ्यात शेंडा मूळ धरत नाही. नव्या नळ्या येईपर्यंत शेंडे थंड खोलीत राहणार होते.

‘हे गेले तर वाणच संपला,’ मालकीणबाई कुलप्यांना म्हणाल्या आणि नळ्या आणायला परगावी गेल्या.

त्या वाक्याने कुलप्यांची झोप उडवली. मागे कधीतरी त्यांच्या हातून एक खोकं सुकून गेलं होतं, त्याची धास्ती होतीच. या वेळी त्यांनी शेंडे न्हाऊ घातले, पिशवीत ओलं फडकं ठेवलं, पिशवी जाड, एकही भोक नसलेली निवडली आणि वर सुतळीची गाठ मारली. गाठीचा फास नेहमी डावीकडे.

एके दिवशी संध्याकाळी ते माझ्या फाटकाशी आले. आवाज खाली.

‘मास्तर, फास उजवीकडे आहे.’

‘कसला फास?’

‘पिशवीचा. कोणीतरी सोडली आणि पुन्हा बांधली. एक नव्हे, चार पिशव्या.’

‘शेंडे कमी झालेत का?’

‘तिथंच तर मेख आहे! मोजले. एकही कमी नाही.’

‘मग झालं तर.’

‘काय झालं तर? अहो, बदललेत! आपले नेले आणि साधे भरून ठेवले. फूल येईपर्यंत कळणार कुणाला? पान सगळ्यांचं सारखंच.’

चोरी झाली नाही, याच गोष्टीवरून त्यांनी चोर मोठा हुशार आहे हे ताडलं होतं.

संशयाला घर हवं असतं. त्यांचा संशय त्यांच्या स्वतःच्याच घरी येऊन बसला. सूनबाई त्याच रोपवाटिकेत खोकी भरायच्या छपरीत काम करते, आणि तिचा भाऊ पलीकडच्या रोपवाटिकेत आहे. दोन मालकांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. ‘विचारायचं कुणाला?’ कुलपे म्हणाले.

‘तिलाच विचारा की.’

‘म्हणजे सावध होईल!’

ही मुलगी माझ्या वर्गात होती. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. शेजारणीची चूक मात्र हळूच खोडून दुरुस्त करायची. चोरी तिच्या हातून होणार नाही, असं मी कुलप्यांना सांगितलं. ते माझ्याकडेही जरा वेगळ्याच नजरेने बघू लागले.

पुढचं त्यांच्या बायकोकडून कळलं. जेवताना कुलपे सुनेच्या हाताकडे बघत बसायचे. त्यात घरातली जुनी वर्तमानपत्रं नाहीशी होऊ लागली. शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी, अशी कुलप्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी कोडं गायब.

‘या घरात हल्ली वस्तूंना पाय फुटलेत,’ ते मोठ्याने म्हणाले.

‘रद्दीला कोण हात लावतंय?’ बायको म्हणाली. ‘आता माझ्या पोळ्या मोजा, म्हणजे झालं.’

‘चार होत्या. तीन दिसतात.’

‘चौथी तुमच्या पोटात आहे. तिथेही कुलूप लावा.’

सूनबाई हसली नाही. पाणी आणायला उठली. कुलप्यांनी तेही लक्षात ठेवलं.

थंड खोलीला कुलूप लावायचं नाही, असा मालकीणबाईंचा नियम होता. आत माणूस अडकला तर? दाराला नुसता दांडा. कुलपे दुपारी जेवून दाराजवळच्या खुर्चीत डुलकी काढायचे. जे काही होतं ते त्याच वेळी, हे त्यांनी हेरलं. डुलकी सोडणं काही जमेना. शेवटी त्यांनी सायकलचं एक कुलूप काढलं आणि त्या दांड्याला अडकवलं. किल्ली गळ्यात. एकाच कुलपावर राहिलेल्या सायकलीकडे त्या दिवसांत सारखे जाऊन बघून यायचे, ते वेगळंच.

पिशव्यांच्या गाठी तेवढ्या त्यांनी, आत न बघता, आपल्या पद्धतीने पुन्हा बांधल्या आणि त्यानंतर एकही पिशवी उघडली नाही. गाठींनीच साक्ष द्यावी, हा विचार. रोज दार उघडून खोक्यांवर नजर टाकायची, फास डावीकडे आहेत ना बघायचं आणि समाधानाने पुन्हा कुलूप घालायचं.

सूनबाई मात्र बेचैन झाली. एकदा छपरीतून सरळ त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

‘बाबा, मला जरा आत जाऊ द्या.’

‘का?’

‘पिशव्यांना आतून घाम येतो. पुसायला हव्यात. पहिल्या दिवशीच म्हटलं होतं मी, पानं कोरडी करून भरू या.’

‘तू खोक्यांना चिकटपट्टी लाव.’

‘बाबा, कुजतील हो ते.’

‘चोराच्या मनात चांदणं,’ कुलपे म्हणाले. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ती गेली. त्या रात्री ती जेवली नाही, असं बायको सांगते.

मालकीणबाई परत येणार त्याच्या आदल्या दिवशी कुलपे मला बोलवायला आले. त्यांना साक्षीदार हवा होता. ‘तुमचं कोणी खोटं म्हणणार नाही,’ असं म्हणाले. बायकोलाही आणलं होतं. सूनबाईला हाक मारून दाराशी उभं केलं. ती हाताची घडी घालून खाली बघत होती. मला फार वाईट वाटलं; पण निघून गेलो असतो तर तिच्या बाजूचं कोणीच उरलं नसतं.

कुलूप निघालं. अंगावर थंडीचा लोट आला. कुलप्यांनी पहिलं खोकं दिव्याखाली ओढलं. ‘बघा, फास डावीकडे. कोणी शिवलेलं नाही.’ त्यांनी गाठ सोडली.

आधी वास आला. फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा असतो तसा. पिशवीच्या आतून थेंब ओघळत होते. शेंडे एकमेकांना चिकटले होते, देठ काळे, पानांवर राखाडी बुरशी. कुलप्यांनी एक उचलला, तर तो बोटांत मऊ होऊन तुटला.

दुसरं खोकं, तिसरं. तेच. प्रत्येक गाठ जशीच्या तशी, आणि आत चिखल.

तळाला तीन खोकी होती. पिशव्यांच्या गाठी त्यांच्याच, पण बोटांना आत काहीतरी कोरडं, कडक लागलं. त्यांनी सोडून पाहिलं. आत वर्तमानपत्राची गुंडाळी. ती उलगडली तशी शेंडे सुटे झाले. हिरवे, ताठ, जणू सकाळीच खुडलेले. कागद थोडा दमट होता, शेंडे नव्हते. कागदावर शब्दकोडं होतं, अर्धं सोडवलेलं, कुलप्यांच्या अक्षरात.

त्यांनी तो कागद सूनबाईपुढे धरला.

‘हे कधी केलंस?’

‘तुमचा डोळा लागायचा तेव्हा. आधी नुसतं पुसून परत बांधत होते. मग दादाला फोन करून विचारलं, तो म्हणाला कागदात ठेव. तीनच खोकी झाली होती.’ ती थांबली. ‘मग कुलूप लागलं.’

‘आणि मला न सांगता?’

‘सांगितलं होतं, बाबा.’

बायकोने तोंड उघडलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून मिटलं. कुलपे खाली बसले. मग एकदम म्हणाले, ‘अगं, घरी रद्दी आहे का अजून?’

‘आहे की. पाय फुटायची राहिलीय,’ बायको म्हणाली आणि आणायला निघाली.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे तिथे होतो. कुजलेल्या गठ्ठ्यांतून सूनबाईने कुठे कुठे तग धरलेले शेंडे वेचले, टिपून कागदात ठेवले. कुलपे तिच्या हाताकडे बघत होते. पण या वेळी शिकत होते. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना त्यांनी फाटकातच गाठून सांगितलं, ‘बाई, बरेचसे गेले. माझ्या कुलपाने गेले. उरले ते हिच्यामुळे.’

वाफे गरम झाले, शेंडे लागले. पुढे सूनबाईने एक हलकेच ओढून पाहिला, तो हलेना. मुळं धरली होती. पांढरी फुलं यायला अवकाश आहे. ती येईपर्यंत कुलप्यांच्या मनात ‘बदलले तर नसतील?’ हे अधूनमधून डोकावणारच. पण मोठ्याने म्हणत नाहीत.

सायकलीला पुन्हा दोन कुलपं आहेत. थंड खोलीच्या दाराला मात्र नुसता दांडा, आणि शेजारच्या खुंटीवर कुलप्यांचा जाड लोकरीचा कोट. हा कोट आजवर त्यांनी बायकोलाही झटकू दिला नव्हता. आता सूनबाई आत जाताना तो घालते.

‘आत गारठा असतो,’ ते मला म्हणाले. ‘पोरीला सर्दी झाली तर काम अडायचं.’

‘बरं केलंत,’ मी म्हटलं.

‘छे, बरं कसलं! कुणीही उचलून नेईल तिथून.’ त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘रोज संध्याकाळी बटणं मोजतो मी त्याची.’