पडद्यापर्यंत गेलेलं दूध

डागबाईंना गिऱ्हाइकांचे चेहरे लक्षात राहत नसत, कपडे राहत. एकतीस वर्षं धुलाईचं दुकान चालवल्यावर गाठोडं उलगडता उलगडताच कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळे. आणि न विचारता त्या ते बोलूनही दाखवत. त्यापायी काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

वरच्या मजल्यावरची पोरगी मात्र टिकली. पहिलटकरीण, बाळ पाच आठवड्यांचं. तिने एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा तोच निळा पडदा आणून टाकला, तेव्हा डागबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.

"काय गं सांडलंय हे?"

"दूध, मावशी. बाळ ओकतं."

"पडद्यावर? पडद्याला पाजतेस की काय?"

पोरगी हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले.

डागबाईंनी गाठोड्यातली खांद्यावर टाकायची फडकी चाचपली. कोरडी ठणठणीत. ढेकरेबरोबर येणारं दूध खांद्यावर ओघळतं. असे डाग त्यांनी हजारांनी काढले होते.

"पाजायची खुर्ची पडद्यापासून किती लांब?"

"असेल तीन हात."

"तीन हात! अगं, हे ओघळलेलं नाही, फेकलेलं आहे."

"आधी थोडंथोडं यायचं. आता चार दिवस दर वेळी पाजलं की पिचकारीसारखं उडतं. आणि लगेच पुन्हा भूक भूक! सासूबाई म्हणतात, बाळं ओकायचीच. डॉक्टरही तेच म्हणाले."

"त्यांना काय सांगितलंस?"

"उलट्या होतात म्हणून."

"आणि पडदा?"

पोरीला नीटनेटकेपणाची भारी हौस. पडदा धुवायला टाकून ती मोकळी झाली होती, डॉक्टरांना त्याबद्दल सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

"लंगोट किती ओले झाले आज?"

"सकाळपासून एकच."

"मी काही डॉक्टर नाही," म्हणत डागबाईंनी इस्त्री बंद केली, "पण एवढ्याशा जिवाला एवढा जोर का करावा लागतोय, ते कुणीतरी बघायला हवं. बाळ घे. पडदा मी घेते."

दवाखान्यात त्यांनी तो टेबलावर सरळ पसरला. "तीन हातांवरून इथे आलंय, डॉक्टर. अंगावर नाही सांडलेलं."

डॉक्टर खुर्चीतून उठले. दूध पांढरंच येतं ना, हिरवंपिवळं नाही ना, असं विचारत त्यांनी बाळाच्या पोटावरून हलकेच बोटं फिरवली. बोराएवढं काहीतरी टणक लागलं. त्यांनी तिथल्या तिथे मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली. म्हणाले, "उलटी सगळेच सांगतात हो. किती लांब उडते, ते कुणी सांगत नाही. आणि मीही विचारलं नाही."

सोनोग्राफीत कळलं, जठरातून आतड्याकडे जायच्या वाटेवरचा स्नायू जाड झाला होता. दूध पुढे सरकेना, म्हणून जोराने उलटं येत होतं. बाळ सुकलं होतं. आधी सलाइन, मग छोटंसं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी दूध पोटात राहिलं.

महिन्याने पोरगी बाळाला घेऊन दुकानात आली. आभाराचं काहीतरी घोकून आली असावी, पण पहिल्याच शब्दाला तिला रडू आलं.

"रडायचं असेल तर कपड्यांपासून लांब रड," डागबाई म्हणाल्या. "आण त्याला इकडे."

चांगलंच बाळसं धरलेलं ते बाळ त्यांच्या खांद्यावर विसावलं, ढेकर दिली आणि दुधाचा एक बारीकसा ओघळ सोडला. पोरगी फडकं घेऊन धावली.

"राहू दे गं!"

डागबाईंनी मान वाकडी करून तो डाग पाहिला. बोटभर, खांद्यावरच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या तो तसाच मिरवत होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता दाखवत होत्या.