ढोलातली गोधडी

माझ्या ड्रमचा आवाज पहिल्यांदा टेपवर ऐकला तेव्हा मला वाटलं, टेपच बिघडलाय. कोणीतरी रॉकेलच्या रिकाम्या डब्याला लाथा मारतंय असं ऐकू येत होतं. शेजारीण दारातूनच काकीला म्हणाली, "काय गं, भंगारातून पिंप आणलंस की काय?" काकी हसली. मला हसू येईना. टेपरेकॉर्डर त्याच शेजारणीचा होता, तिच्या दिराने दुबईहून आणलेला, आणि तो आठवड्याच्या आत परत करायचा होता.

मुलुंडला, स्टेशनपासून लांब, डोंगराच्या अंगाला असलेल्या चाळीतली ती एक खोली. काका-काकी माझे सख्खे कोणी नव्हेत. सावंतवाडीपलीकडच्या आमच्या गावचे, एवढंच नातं. नववी अर्धी टाकून मी मुंबईला आलो तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं आणि किती दिवस राहणार हे कधी विचारलं नाही. हाच प्रश्न मी मात्र स्वतःला रोज विचारायचो. ताटात दुसऱ्यांदा भात घेताना हात आखडायचा.

जुहूच्या एका हॉटेलात मी टेबलं पुसायचो. तिथे संध्याकाळी बँड वाजायचा, आणि त्यातल्या ड्रमरच्या मागे उभा राहून मी वाजवायला शिकलो. पुढे हॉटेलने बँड बंद केला, आमच्यातल्याही काहींना घरी बसवलं, त्यात मीही होतो. ड्रमर आखाती देशात निघाला. जाताना त्याचा जुना सेट मला देऊन म्हणाला, "ले जा. इधर सडेगा." तो सेट टेम्पोत घालून घरी आणला तेव्हा मला खरी भीती काकीची होती. तिने पाहिलं आणि धान्याचे डबे खाटेखाली सरकवले.

आता एका ऑर्केस्ट्राचा ड्रमर सोडून गेला होता. मालकांनी निरोप धाडला, वाजवून कॅसेट पाठव, ऐकून ठरवतो. जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर गावी परत, चिऱ्याच्या खाणीवर. वडिलांनी तिथे सांगूनही ठेवलं होतं.

काका दिवसभर घरीच असायचे. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं, पण संप मिटला असता तरी ते कामावर गेले नसते. कार्डिंग खात्यात जन्म गेला, कापसाची भुकटी छातीत जाऊन बसली होती. खोकल्याची उबळ आली की भिंतीला हात लावून उभे राहायचे. गावात मात्र त्यांचा पखवाज नावाजलेला होता. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझी टेप ऐकली आणि म्हणाले, "अरे मेल्या, तुझ्या ढोलाक पोटच नाय. कणीक लाव."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक लावतात, त्याने आवाज खाली उतरतो, भारदस्त होतो. ते चामड्याचं काम. माझ्या बेस ड्रमला प्लॅस्टिकचं पान होतं. पण मला तरी दुसरं काय माहीत होतं? काकीने रेशनच्या गव्हाची कणीक मळली होती. त्यातला एक गोळा तिने तोडून दिला. त्या दिवशी तिने स्वतःला चपाती घेतली नाही, हे मला जेवताना दिसलं. मी मान खाली घालून जेवलो.

काकांनी पाण्याचा हात घेऊन तो गोळा ड्रमच्या पुढच्या पानावर मधोमध थापला. मी पायाने ठोका दिला. आवाज उतरला होता! पत्रा गेला, धम् आलं. पण तोवर मुलं शाळेतून आली, गॅलरीत गलका सुरू झाला. रेकॉर्डिंग उद्या दुपारी करायचं ठरलं. पखवाज वाजवून झाला की कणीक खरवडून काढतात, हे काकांना सांगायला नको होतं. ते काढायला उठलेही. काकी म्हणाली, "ऱ्हवांदे. उद्या परत पीठ खयसून आणू?" आम्ही वर फडकं टाकलं.

सकाळी फडकं खाली पडलेलं होतं. कणीक उंदरांनी खाल्ली होती, आणि कणकेबरोबर पानही. मधोमध भोक, कडा कुरतडलेल्या. काकी म्हणाली, "वाट लागली रे पोराची." नवं पान आणायची कोणाचीच ऐपत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर खाणीची लाल धूळ आली.

काकांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दाढीचं ब्लेड मागितलं. कुरतडलेल्या कडा कापून त्यांनी भोक ताटलीएवढं गोल केलं. "फाटलाच हा, तर नीट फाटूक व्हया," म्हणाले. मग खाटेवरची स्वतःची गोधडी ओढली, काकीच्या जुन्या लुगड्यांची, आणि उशीत कापूस भरावा तशी त्या भोकातून आत सारली, माझा पाय जिथे ठोका देतो त्या मागच्या पानाला टेकवून. टेपरेकॉर्डर पाटावर ठेवून भोकासमोर आणला.

तो आवाज मी आजही सांगू शकत नाही. कोरडा, भरीव, छातीत बसणारा. नंतर स्टुडिओत पाहिलं तर तिथले लोक मुद्दामच पुढच्या पानाला भोक पाडतात, आत उशी घालतात. आम्हाला ते उंदरांनी शिकवलं.

दुपारी शेजारणीने गॅलरीतली मुलं हाकलली. काका तोंडात टॉवेलचा बोळा धरून दाराबाहेर बसले. मी वाजवत होतो आणि उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती, आत कोंडलेल्या खोकल्याने हलणारी. शेवटची झांज वाजली, तिचा आवाज विरतो न विरतो तोच उबळ फुटली. तेवढी टेपवर आली. पुन्हा वाजवायला मी धजलो नाही. पुन्हा त्यांना तसं बसवायचं कसं?

मालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आवाज झकास आहे. शेवटी खोकतंय कोण?"

"आमचे काका."

"त्यांना सांग, खोकले पण बरोबर समेवर."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा काका इतके हसले की काकीला त्यांची पाठ चोळावी लागली. त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं. माझा पहिला दौरा विदर्भात होता, ड्रम ऑर्केस्ट्राचेच होते. मी दारात घुटमळत होतो. काकी म्हणाली, "जा तू. माझी कणीक फुकट घालवू नको."

परत आलो तेव्हा काकांचं तेराव्यापर्यंत सगळं उरकलं होतं. कोपऱ्यात माझा ड्रम तसाच होता, भोकावर उंदरांसाठी पाट लावलेला. मी पाट बाजूला केला. गोधडी आतच होती. डोंगराकडून वारा येतो, मुलुंडला थंडी इतर मुंबईपेक्षा जास्तच.

"काढायची ना काकी, त्यांना पांघरायला."

"दोनदा गेलंय मी काढूक. काढूक देईनात," ती म्हणाली. "म्हणत होते, ऱ्हवांदे, पोराचो आवाज बिघडात."

कॅसेट तर केव्हाच मालकांकडे पोचली होती. काकांना ते माहीत होतं.