शेजारच्या साली

बायको गेली आणि पाठोपाठ घड्याळजींच्या परसातली वांगी खुरटली. "मातीत जीव उरला नाही, भाजीच्या साली कुजवून घाला," असं रोपवाल्याने सांगितलं. त्यांनी ड्रम आणला. पण एकट्या माणसाच्या घरात साली पडतात किती? महिनाभरात ड्रमचा तळही झाकला गेला नाही.

शेवटी त्यांनी शेजारच्या सूनबाईंची बेल वाजवली. साली हे निमित्त. त्या निमित्ताने रोज दोन शब्द होतील, हा आतला बेत.

"एवढंच ना, काका? सकाळी आमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवत जाईन. तुम्ही बेल वाजवायचीसुद्धा तसदी घेऊ नका."

इतकी चोख सोय झाल्यावर बोलायला काही उरलं नाही.

पिशव्या येत राहिल्या. माती काळी, भुसभुशीत झाली, गांडुळं आली, आणि वांगी अशी धरली की एकट्याला संपेनात. घड्याळजींनी सहा वांगी पिशवीत घालून त्याच कडीला अडकवली आणि बेल न वाजवता परतले.

दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत चिठ्ठीबिठ्ठी नव्हती, वांग्यांचे कापलेले देठ होते. त्यांनी मोजले, सहाच्या सहा. मग ते ड्रममध्ये टाकून घड्याळजी त्या दिवशी पोटभर जेवले.