मास्तरांची जागा

आमचे मास्तर वाजवता वाजवता लोकांवर डाफरायचे. वरात ऐन रंगात आलेली असायची आणि मास्तर क्लॅरोनेट तोंडातून काढून ओरडायचे, "अरे, आत्ता! आत्ता म्हणायचं व्हतं! जागा वाया गेली की!" नवरदेव घोड्यावर, करवल्या ताटकळलेल्या, आणि हे गृहस्थ साऱ्या वऱ्हाडाला धारेवर धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पूर्णेच्या त्या बँड पार्टीत चाली बांधणारे ते एकटेच. मालकाचं काम म्हणजे सोनेरी बटणांचा कोट घालून पुढे चालणं.

'जागा' हा मास्तरांचा खास शब्द. गवई गाण्यात जागा घेतात, सुराला एखादं सुरेख वळण देतात. मास्तर चालीत लोकांसाठी जागा सोडायचे. त्यांची वरातीची चाल चढत चढत जायची आणि कुणी "येता का?" विचारावं तशी थांबायची. ढोल बंद, ताशा बंद. त्या रिकाम्या जागेत लोकांनी एका आवाजात "हाव!", म्हणजे आमच्याकडचं 'हो', म्हणायचं, की चाल पुन्हा उसळायची. "समदं आमीच वाजवलं तर तुमी कशाला आलाव?" मास्तर म्हणायचे. "चालीत तुमची बी जागा पायजे."

मी तेव्हा चुडाव्याला राहून पूर्णेला रेल्वेत नोकरी करायचो. आम्हा मित्रांची टोळी या चालीपायी वेडी झाली होती. एकदा तर एसटी बदलत बदलत थेट जिंतूरच्या लग्नाला गेलो. पत्रिका नाही, ओळख नाही. वराकडचे समजले आम्ही वधूकडचे, वधूकडचे समजले आम्ही वराकडचे, आणि पंगतीत दोघांनीही आग्रह करकरून वाढलं. "हाव" आधी आम्ही द्यायचा, मग वऱ्हाड धरायचं. मास्तर कौतुक करतील तर शपथ. "बोंबलू नका, सुरात म्हणा," एवढंच.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीने त्या काळात मराठवाडा तापला होता. मास्तर भीमनगरातले. पूर्णेत मोर्चा निघाला त्या दिवशी पार्टीला सुपारी नव्हती. मास्तर स्वतःचं वाद्य घेऊन मोर्चाच्या पुढे चालले आणि हीच चाल वाजवली. सारा रस्ता "हाव" म्हणाला. लगेच आसपासच्या काही गावपुढाऱ्यांनी मालकाला निरोप धाडला, तो माणूस आमच्या मांडवात नको. मालकाने मास्तरांचा गणवेश परत मागितला. वर्षानुवर्षांचा संबंध एवढ्यावर संपला.

घाबरला असेल, असं म्हणून मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण तो गावभर सांगत सुटला, "मास्तरांची तब्येत बरी नसती, त्येंनीच सोडलं." तब्येत! आदल्याच आठवड्यात उन्हात मैलभर वाजवत गेलेला माणूस तो. आम्ही त्याच्या बँडच्या दुकानावर जाऊन जाब विचारला, तर पान चघळत म्हणाला, "मास्तर गेले म्हणून काय बिघडलं? चाली हायेत की आपल्याकडं. जागा बी भरली." त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर आम्ही त्यांना 'मालक' म्हणून रामराम घालायचो. दुकानाच्या पायऱ्या उतरलो ते अरेतुरेवर येऊनच.

पुढच्या लग्नसराईत माझ्या चुलतभावाचं चुडाव्यात लग्न होतं. काकांनी हीच पार्टी ठरवलेली. वाजवणारा नवा, चाल मास्तरांची. सूर चढले, "येता का?" विचारून थांबले. आम्ही तोंडं मिटून उभे. आमच्याकडे बघून वऱ्हाडही गप्प. मालकाने मागे वळून हाताने खूण केली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. काका माझ्या कानाशी आले, "आरं, म्हण की! लोकं हसायलेत."

"काका, ज्यानं इचारलं त्याला हाव म्हणायचं. ह्येंनी कुठं काय इचारलंय?"

तिसऱ्या वेळी मालक एकटाच ओरडला, "हाव!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी भीमनगरात जाऊन मोठ्या फुशारकीने हे सांगितलं. मास्तर माझ्यावरच उसळले. "चाल उपाशी ठिवली व्हय रे! चालीनं तुमचं काय वाकडं केलतं?" मग त्यांनी हळूच विचारलं, "एकटाच वरडला? सुरात व्हता का?"

"न्हाई, मास्तर."

"मंग ठीक हाय."

मालकाने नंतर त्या जागेत ताशा बडवायला लावला. माणूस काढला तो काढला, वर लोकांचीही जागा बुजवून टाकली! हे मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. मास्तरांना पुढे कुठल्याच पार्टीने घेतलं नाही. ते वस्तीतल्या पोरांना शिकवत राहिले, त्यांच्यावर डाफरत राहिले आणि नामांतर व्हायच्या आधीच गेले.

नामांतर झालं तेव्हा पूर्णेत मिरवणूक निघाली. पुढे मास्तरांचाच एक शिष्य वाजवत होता. मालक दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्याला कुणी रामराम घातला नाही. चाल चढत गेली आणि थांबली. ढोल बंद, ताशा बंद. रस्ताभर "हाव!" उठला. मी चाल ऐकतच राहिलो आणि मागे पडलो. माझा "हाव" सगळ्यांच्या नंतर, एकटाच, बेसूर निघाला. मी दचकून पुढे पाहिलं. डाफरायला कुणी नव्हतं.