अडतीस फूट

तुमच्याच ताटात जेवलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडताना तुम्ही कधी टाळ्या वाजवल्यात का? वाजवल्या असतील तर खरं बोला, हात वाजत होते तेव्हा पोटात काय वाजत होतं?

सुपडूच्या पोटात सुरुंग लागला होता. आणि सुरुंगाचं त्याला कोणी सांगायला नको. पिंपळनेरच्या आसपास वीस वर्षांत झालेल्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या. हार पडत होता अभिमनच्या गळ्यात. साल अठ्ठ्याऐंशी, महिना डिसेंबर. अभिमन याच गावचा, सुपडूच्याच वर्गातला. सातवीनंतर सुपडूने बापाची पहार धरली आणि अभिमनने धुळ्याची एस.टी. धुळ्याहून पुणं, पुण्याहून दिल्लीची सरकारी नोकरी, दगडांचा साहेब, आणि तिथून थेट अंटार्क्टिका. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फाचा मुलूख. दोनदा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला तर अख्खा हिवाळा तिथल्या तळावर काढला, दोन महिने सूर्याचं तोंड न बघता.

बरं, त्याला दगड वाचायला पहिल्यांदा शिकवलं कोणी? सुपडूच्या बापाने, मगननानाने. डोंगरातून निघून शेतांच्या पोटातून सरळ जाणारी काळ्या खडकाची उभी भिंत नानाने दोघांना हिंडवून, मातीवरच्या खुणांवरून दाखवली होती. वरून झिरपत येणारं पाणी त्या भिंतीला अडतं. विहीर भिंतीच्या वरच्या अंगाला धरली तर पाणी, खालच्या अंगाला धरली तर धूळ. विद्या एवढीच. पण तीच विद्या घेऊन एक जण साहेब झाला आणि दुसऱ्याला सत्काराच्या दिवशी सरपंच भाईदासआबा म्हणाले, "ओ सुपडू, खुर्च्या मांड रे!"

त्याने मांडल्या.

हारतुरे झाल्यावर शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अभिमनने पडद्यावर चित्रं दाखवली. जहाज, पेंग्विन, स्वतःच्या दाढीत गोठलेला बर्फ. लोक हसले. मग एक चित्र आलं. बर्फातून वर आलेला भुरा डोंगर, आणि त्याच्या छातीतून आरपार गेलेली काळी भिंत. वर ना माती, ना बांध, ना पीक. या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी.

"दखा, आपलीच भिंत!" अभिमन म्हणाला. टाळ्या पडल्या.

सुपडूने हार माफ केला असता, जहाजही माफ केलं असतं. पण ही भिंत? जन्मभर त्याने ती विहिरींच्या तळाशी हातभर हातभर चाचपली होती. अख्खी कधीच पाहिली नव्हती. आपल्या आईचं तोंड दुसऱ्याने पोटभर बघावं आणि आपल्याला नुसते पाय दिसावेत, तसं झालं त्याला.

दुसऱ्या दिवशी गावाच्या विहिरीची जागा ठरायची होती. बाया अर्ध्या कोसावरच्या नाल्यातल्या झिऱ्यावर जायच्या, वाटीवाटीने हंडा भरायच्या. आजवर अशी जागा सुपडूच दाखवायचा. भाईदासआबा म्हणाले, "बर्फमां राही उना तो माणूस. तोच दावी जागा."

अभिमनने नकाशा उलगडला, पावलं मोजली, निंबाच्या झाडापाशी थांबला. एस.टी.ची वेळ झाली होती. तरी तो वळला. "सुपडू, बराबर शे ना रे?"

बराबर नव्हती. सहा वर्षांपूर्वी निंबाला लागूनच असलेल्या मोतीलालच्या शेतात खोदताना सुपडूला कळलं होतं की तिथे मातीखाली भिंत तुटते आणि वीस पावलं वर सरकते. हे कुठल्याच नकाशात नव्हतं. म्हणजे निंब भिंतीच्या खालच्या अंगाला पडत होता, आणि तिथे लागणार होती ती धूळ.

"तू साहेब शे," सुपडू म्हणाला. "तू सांगशी तेच बराबर."

आणि गंमत बघा, खोदायला तोच उतरला. दुसऱ्याचं नाक कापायला स्वतःचा घाम गाळणारा माणूस तुम्ही पाहिलाय? वीस फुटांवर मुरूम, तीस फुटांवर मांजऱ्या खडक, सगळा कोरडा ठणठणीत. गाव कुजबुजायला लागलं, "बर्फवाला साहेबनी विहीर!" सुपडूला त्या दिवसांत तंबाखूही गोड लागायची.

अडतिसाव्या फुटावर त्याची बायको बेबाबाई घमेलं भरता भरता थांबली. सकाळीच ती झिऱ्याच्या दोन खेपा करून आली होती. दर पाच फुटांना फोडलेल्या दगडाला जीभ लावून ओल बघायची ही सुपडूची जुनी खोड.

"तुम्हीन ये डाव दगडले जीभ लावी नही," ती म्हणाली. "एक डाव बी नही."

सुपडूने पहार पुन्हा खडकात घातली.

"म्हणजे तुमले माहीत व्हतं." तिने घमेलं खाली आपटलं. "अभिमनभाऊनं काय गयं? तो दिल्लीले निंघी गया. हंडा मन्हा डोकावर शे!"

तो तसाच वर चढला आणि धुळीने माखलेला चावडीवर गेला. सगळ्यांसमोर सांगितलं. भाईदासआबा ताडकन उठले, "अरे गाढवा, गाढव बी आपला चारा तुडवत नही!"

"शिव्या मंग द्या, आबा. पहिले जागा दखा."

निंबापासून तीस पावलं वर त्याने पहार रोवली. या खेपेला दर पाच फुटांना दगड चाटला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींनी नव्या विहिरीचं पाणी भरलं. चौतीस फुटांवर लागलं.

मग त्याने अभिमनला पत्र लिहिलं. तुझी जागा चुकली, मला माहीत होतं, मी बोललो नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं, "चूक माझी. घाई मी केली. भिंत कुठे सरकते ते मला दाखव. दिवाळीत येतो."

हे वाचून सुपडूची जळजळ गेली असं कोणी सांगेल तर त्याला खोटारडा म्हणा. उलट वाढली. चूक कबूल करायलाही हा माणूस आपल्यापेक्षा मोठाच निघावा?

आता निंबाखालची कोरडी विहीर तशीच उघडी आहे. गेल्या आठवड्यात भागाबाईची शेळी पडून मेली. उद्या माणूस पडेल. सुपडू एकटा कठडा बांधतोय, गुडघ्याएवढा झालाय. दिवाळीच्या आत, अभिमन यायच्या आत, तो छातीएवढा झाला पाहिजे असा त्याचा हट्ट आहे. दगड त्याने फोडून ठेवलेत. उचलायला हात कमी पडतात. तेव्हा नुसतं वाचून माना डोलवू नका. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने पिंपळनेरला उतरा, निंबाचं झाड कोणीही दाखवेल, आणि येताना घरचं एक घमेलं घेऊन या.