शतावरीचं दूध

माझ्या मंगलची लेक बाळंत झाली. परवा मंगलनं दुकानातून शतावरीचा डबा आणला, दुधात घालून उकळली, आणि त्या वासानं मी ओट्याजवळून उठून बाहेर जाऊन बसले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, अकोल्याकडच्या आमच्या डोंगरातल्या घरी मी आणि माझी थोरली जाऊ एकाच महिन्यात बाळंत झालो. तिला मुलगा झाला, मला ही मंगल. शतावरी मीच पोटुशी असताना काट्यांतून खणून आणली होती, पांढऱ्या बोटांसारख्या मुळ्यांचा घोस. त्या सोलायला, मधला दोरा ओढून काढायला आणि पाट्यावर वाटायलाही मीच बसले, कारण मुलगी झालेल्या बाळंतिणीला लवकर उठवायची आमच्या घरची रीत. दूध सासूबाई उकळायच्या आणि पेला थेट जावेच्या खोलीत जायचा.

मंगल भुकेनं रडून निळी पडायची. एकदा मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, घोटभर मलाही द्या."

"तुला कशाला?" पेल्यावरची साय सारखी करत त्या म्हणाल्या. "पोरगी तर हाय. पोरी काय, पाण्यावर बी वाढत्यात."

जाऊ सगळं ऐकत होती. तिनं पेला घेतला आणि प्यायली. सासूबाईंपेक्षा तिचाच राग माझ्या मनात अजून आहे.

परवा मंगल डबा घेऊन माझ्यामागे बाहेर आली. "आई, यानं खरंच दूध येतं का गं?"

"तुझ्या थोरल्या काकूला विचार," मी म्हणाले. "मी नुसती वाटून दिली."